दिवस भरत नाहीत

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या त्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे विचारायचं तर मल्हारसरांना. पाणी सोडणारा माणूस एखादवेळी चुकेल, सर चुकायचे नाहीत. मागचं पाणी कधी येऊन गेलं, मध्ये कुठे जलवाहिनी फुटली, कुठे वीज गेली, सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात. सकाळी फिरायला निघाले की दारादारांतून आवाज यायचा, "सर, कधी?" सर चालता चालता बोटं दाखवायचे, नाहीतर नुसतं म्हणायचे, "भरत आले दिवस." तेवढं ऐकलं की बायका हौद घासायला घ्यायच्या. पोटुशी बाईचे दिवस भरावेत तसे सोलापुरात पाण्याचे दिवस भरतात. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांनी यावर खुशाल हसावं.

मल्हारसर मंगळवेढ्याकडचे, धनगराच्या वस्तीवरचे. वडील बिरप्पा जन्मभर मेंढरांमागे फिरले आणि मेंढरांमागेच गेले. आई फुलाबाई पुढे लेकाकडे सोलापुरात आली, ती अजूनही बंगल्याच्या गच्चीला "माळ" म्हणते. मल्हार शिकला, कॉलेजात भौतिकशास्त्राचा मास्तर झाला आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर त्याने पीएचडी करायला घेतली. या वयात माणसानं पीएचडी करावी की गुडघे सांभाळावेत, असं स्टाफरूममध्ये मागून बोललं जायचं. पुढून सगळे अभिनंदनच करत.

विषय होता व्यापक एन्ट्रॉपी. आता हे घरात कसं सांगायचं? सरांनी बायकोला, सावित्रम्माला, सांगितलं की एन्ट्रॉपी म्हणजे एक प्रकारे पसाऱ्याचं माप.

"पसाऱ्यावर पीएचडी?" सावित्रम्मा म्हणाली. "मग माझी तर केव्हाच झाली असती की." ती अक्कलकोटकडची, कानडी माहेरची. नवऱ्याचं बोलणं पटलं नाही की ती "हौदा?" म्हणते. कानडीत त्याचा अर्थ "असं का?" एवढाच, पण तिच्या तोंडून तो "थापा मारू नका" असा ऐकू येतो.

सरांनी हार मानली नाही. म्हणाले, "दोन खोल्या धर. साधं गणित म्हणतं, या खोलीचा पसारा अधिक त्या खोलीचा पसारा, झाली बेरीज. पण हे केव्हा खरं? दोन खोल्यांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तेव्हा. आपल्या घरात तू या खोलीत चष्मा शोधायला लागलीस की त्या खोलीचं कपाट विस्कटतं. तिथं नुसती बेरीज चुकते. मग त्या सूत्रात आणखी एक आकडा घालावा लागतो, किती गुंता आहे ते सांगणारा. माझं सगळं काम त्या एका आकड्याचं."

"चष्मा मी नाही शोधत, तुमी शोधता," सावित्रम्मा म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

सरांनी अभ्यासाला घेतले होते भूकंपानंतरचे धक्के. मोठ्या भूकंपामागून छोटे छोटे धक्के येत राहतात, त्यांच्यामधली अंतरं मोजायची आणि ती कुठल्या नियमानं पसरली आहेत ते बघायचं. ही अंतरं साध्या, घातांकी नियमात बसत नाहीत. त्यांच्या आलेखाला लांब शेपटी असते. हा शब्द फुलाबाईच्या कानावर गेला.

"कुणाची शेपटी लांब म्हनतोयस रं?"

"आकड्यांची, आई."

"मेंढराला धड शेपटी न्हाय, आन् आकड्याला हाय व्हय!" म्हातारी दिवसभर हसत होती.

असं हसतं-खेळतं घर होतं. त्याला दृष्ट लागली ती एका पाण्याच्या दिवशी.

एकुलती लेक प्रियदर्शनी तेव्हा अकरावीत होती. सकाळी पाणी सुटलं, ती अंगणात पाइप धरून पिंपं भरत होती, आणि पाइप एकाएकी हातातून सुटला. पोर खाली कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. शेजारणी धावल्या. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल हुंगवायला पुढे केली. सावित्रम्मानं सगळ्यांना मागे सारून पोरीला कुशीवर वळवलं आणि तिचं डोकं मांडीवर धरून बसली. मल्हारसर मात्र सुटलेला पाइप हातात घेऊन उभेच्या उभे राहिले. एवढा शिकलेला माणूस, पण त्यांना नळ बंद करायचंही सुचलं नाही. पाणी गल्लीच्या टोकापर्यंत वाहत गेलं. सोलापुरात एवढं पाणी वाया जाताना बघून एरवी चार तोंडं उघडली असती, त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

फिट थांबली, पोर शुद्धीवर आली, दवाखाना झाला, डोक्याचे फोटो निघाले. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, वाट बघू. काही महिने गेले आणि दुसरी फिट आली. स्वयंपाकघरात, चहा गाळताना. तोही पाण्याचा दिवस होता.

इथं मल्हारसरांची चूक झाली, आणि ती चूक सोलापूरकरच करू जाणे. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा महिन्यातले सहा-सात दिवस पाण्याचेच. दोन फिटा पाण्याच्या दिवशी आल्या यात योगायोगापलीकडे काही नव्हतं. दुसऱ्या कुणी हे बोलून दाखवलं असतं तर सरांनी फळ्यावर गणित मांडून त्याला गप्प केलं असतं. पण आपल्या पोरीच्या बाबतीत कसलं गणित आणि कसलं काय. त्यांच्या मनात पाणी आणि फिट यांची गाठ बसली ती बसलीच. पाण्यासारखेच फिटचेही दिवस भरतात असं त्यांनी धरून टाकलं.

दुसऱ्या फिटनंतर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. ते नीट समजावून म्हणाले होते, गोळी चुकवू नका, जागरण करू नका, आणि जितके दिवस शांत जातील तितकी पुन्हा यायची शक्यता कमी होत जाईल. सावित्रम्मानं ते ऐकलं. सरांनीही ऐकलं, पण डॉक्टर धीर द्यायला असं बोलतातच, म्हणून सोडून दिलं.

मग घरात एक उफराटा प्रकार सुरू झाला. फिट येऊन गेल्यावरचे पहिले आठवडे सर अगदी निवांत होते. आत्ताच येऊन गेलीय, आता इतक्यात नाही. नुकतं पाणी भरलेल्या घरासारखे ते वागत होते. पोरीला मैत्रिणीकडे जाऊ दिलं, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतही नेलं. आणि जसजसे महिने जायला लागले, फिट आलीच नाही, तसतसा हा माणूस आतून खंगायला लागला. शांत गेलेली प्रत्येक सकाळ त्यांना कमाई वाटायची नाही. आणखी एक दिवस भरला असं वाटायचं. रोज उठल्याबरोबर शेवटच्या फिटपासूनचे दिवस मोजायचे, तो आकडा मोठा होत होता आणि त्याबरोबर भीतीही. पाण्याच्या दिवशी पोरीनं पलंगावर बसून राहायचं, उठायचं नाही, असा हुकूम होता. गोळ्या घेऊन, वेळेवर झोपून ठणठणीत झालेली ती धडधाकट मुलगी अंगणातल्या पाइपाकडे बघत पलंगावर बसायची, आणि बाप तिच्याकडे बघत दारात उभा राहायचा.

दुपारची झोप तर सरांनी कायमची सोडली होती. झोपलो आणि तेवढ्यात झालं तर?

असं वर्ष उलटलं, वर काही महिने झाले. प्रियदर्शनी बारावी झाली आणि तिनं एक दिवस जेवताना सांगितलं, "अप्पा, अकलूजला दुग्धतंत्राच्या डिप्लोमाला माझं नाव लागलंय. हॉस्टेल पण आहे."

"म्हशीच शिकायच्या तर आपल्या इथं काय कमी हायत?" फुलाबाईनं विचारलं.

"म्हशी नाही आज्जी, दुधाचं पुढं काय होतं ते शिकायचंय. चक्का, लोणी, पावडर. मशीनवर."

सर ताटात बघत म्हणाले, "बघू."

मराठी बापाचं "बघू" म्हणजे "नाही"च असतं, फक्त जरा कपडे घालून आलेलं. प्रियदर्शनीला ते कळलं. ती उठून गेली.

सावित्रम्मानं भांडी आवरता आवरता विषय काढला. "डॉक्टरांना विचारलंय मी. जाऊ दे म्हणाले. खोलीतल्या पोरीला सांगून ठेवायचं, गोळी चुकवायची नाही, बस्स. पोरगी किती दिवस झाले चांगली हाय. अजून काय पाहिजे तुमाला?"

"तेच तर," सर म्हणाले. "किती दिवस झाले. दिवस भरत आलेत, सावित्री. आत्ता नको."

या वाक्यावर सावित्रम्माच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. एरवी "हौदा?" म्हणणारी बाई, पण पाण्याच्या बाबतीत नवऱ्याचा अंदाज तिनं कधी चुकलेला पाहिला नव्हता. खरंच भरत आले असतील तर? ती पुढे बोललीच नाही. एका माणसाची भीती अशी घरभर पसरली. प्रवेशाची मुदत जवळ येत होती, आणि तिच्या आदल्याच दिवशी सरांची तोंडी परीक्षा होती, पीएचडीची शेवटची.

परीक्षेला घरची मंडळी यायची गरज नव्हती. पण फुलाबाई म्हणाली, "बारसं बघितलं, लगीन बघितलं, आता ह्ये काय म्हनतात त्ये बी बघते." म्हातारी हिरवं लुगडं नेसून तयार झाली, तेव्हा सगळेच निघाले. विद्यापीठातल्या त्या सभागृहात शेवटच्या रांगेत आज्जी, सून आणि नात अशा बसल्या. पुढे स्टाफरूममधली मंडळी, संशोधन करणारी पोरं, आणि सगळ्यात पुढे बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक ज्ञानदा मॅडम. बारीक चणीच्या, शांत आवाजाच्या, पण प्रश्न विचारायला लागल्या की समोरच्याच्या कपाळावर घाम फुटावा अशा.

तासभर सगळं इंग्रजीतून चाललं. सर बोलत होते, पडद्यावर आलेख येत होते, मॅडम खोदून खोदून विचारत होत्या. ही एन्ट्रॉपी बेरजेची का नाही? तो जादा आकडा तुम्ही आधीच ठरवला की धक्क्यांच्या नोंदींतून काढला? आलेख वाकतो तिथं मोजणीची चूक नाही कशावरून? सरांनी एकेक उत्तर दिलं. कुठे अडखळले, पण पडले नाहीत. मागे फुलाबाईला डुलकी लागली होती. मॅडमचं लक्ष तिकडे गेलं आणि त्या हसल्या.

"सर, मागे घरची माणसं बसलीत ना? आता त्यांच्यासाठी सांगा. मराठीतून, पाचच मिनिटं."

सर खुलले. इतकी वर्षं वर्गात बोललेला माणूस, त्यांना हेच तर जमत होतं. खडू नव्हता, तरी हात फळ्यावर असल्यासारखा हलायला लागला.

"वाट बघण्याचे तीन प्रकार असतात," ते म्हणाले. "पहिला आपल्या नळाचा. पाणी येऊन जितके दिवस झाले तितकं ते जवळ आलं. कालच आलं असेल तर आज येणार नाही, चार दिवस झाले असतील तर हंडे बाहेर काढा." सभागृहात हशा पिकला. "दुसरा प्रकार राँग नंबरचा. आत्ताच एक येऊन गेला काय किंवा महिनाभर आला नाही काय, पुढचा कधी येईल त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्या फोनला मागची आठवणच नसते. घातांकी नियम म्हणतात तो हा, सगळ्यांत साधा. आणि तिसरा प्रकार माझ्या प्रबंधाचा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शिकत होतो. आमच्याकडेही लोक बाहेर झोपत होते. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के आधी भराभर येतात, मग अंतर वाढत जातं, आणि वाढतच जातं. इथं पाण्याच्या उलट असतं. जितका काळ शांत गेला, तितकी पुढची शांतता लांबते. कारण जमिनीच्या पोटातलं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, मागचं पुढच्याला ओळखत असतं. म्हणून तिथं साधी एन्ट्रॉपी पुरत नाही, व्यापक एन्ट्रॉपी लागते."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. बोलण्याच्या भरात होते.

"पण लोकांना हे पटत नाही. आमच्या वस्तीवर म्हणायचे, लई दिवस झाले धक्का न्हाई, आता मोठा येणार. सरळ माणूस असंच म्हणणार, त्याला सवय नळाची. पण तिथं दिवस भरत नाहीत. सरत जातात."

मॅडमनी मान डोलावली. "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

असं विचारायची पद्धत असते, आणि कुणी काही विचारत नाही अशीही पद्धत असते. पण शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. प्रियदर्शनीचा.

"सर, मला विचारायचंय," ती म्हणाली. बापाला "सर" म्हणाली. शब्द स्वच्छ होते. "एखाद्या मुलीला फिट आल्या असतील. दोनदा. मग औषध सुरू झालं आणि त्यानंतर सगळं शांत गेलं, खूप महिने. तर ते तीनपैकी कुठल्या प्रकारात बसतं?"

सावित्रम्मानं पदर तोंडावर घेतला. ज्यांना घरातली गोष्ट माहीत होती त्यांनी माना खाली घातल्या. ज्ञानदा मॅडमना काहीच माहीत नव्हतं, त्या उत्सुकतेनं सरांकडे बघत राहिल्या.

"हा माझ्या विषयाबाहेरचा प्रश्न आहे," हे वाक्य सरांच्या ओठांवर आलं होतं. परीक्षेत ते चालूनही गेलं असतं. पण प्रश्न त्यांच्या विषयाबाहेरचा नव्हता, आणि हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जन्मात कधी त्यांनी परीक्षेत कॉपी केली नव्हती की ठाऊक असलेलं उत्तर दाबलं नव्हतं. ते टेबलाचा कोपरा धरून उभे राहिले.

"पहिल्यात नाही," ते म्हणाले.



"मी डॉक्टर नाही. पण डॉक्टर जे सांगतात त्यावरून, तिसऱ्यात. जितके दिवस शांत गेले, तितका पुढचा दिवस जास्त भरवशाचा. पूर्ण भरवसा नाही. शेपटी लांब असते, ती संपत नाही. पण बारीक होत जाते."

"मग जास्त जपायचं कधी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"फिट येऊन गेल्यावर लगेच. पहिल्या काही..." आणि सर थांबले. ते पहिले आठवडे त्यांना आठवले. पोरीला जत्रेच्या गर्दीत नेलं होतं ते आठवलं. जपायचं तेव्हा आपण निर्धास्त होतो, आणि निर्धास्त व्हायचं तेव्हा पोरीला पलंगावर बसवून ठेवलं. सगळं उलटं. जे आपण प्रबंधाच्या पानापानांवर लिहून काढलं, ते आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर चपलेसारखं काढून आत गेलो. त्यांना शरम वाटली, आणि आश्चर्य असं की शरमेच्या मागोमाग छातीवरून काहीतरी उतरलं. रोज सकाळी मोजायचा तो आकडा मोठा होता, खूप मोठा, आणि तो मोठा आहे ही चांगली गोष्ट होती! इतके महिने पोरीनं ते सगळं कमावून त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि त्यांनी त्याकडे संकट म्हणून बघितलं.

"छान प्रश्न," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या. "तुम्ही भौतिकशास्त्राला आहात का?"

"नाही मॅडम. अकलूजला डेअरीला चाललेय. बहुतेक."

"बहुतेक नाही," सर पुढून म्हणाले. "चाललीय. उद्याच जातोय आम्ही."

मॅडमना यात एवढं काय झालं ते कळेना, पण शेवटच्या रांगेत सावित्रम्मा रडायला लागलेली आणि पोरगी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत असलेली त्यांनी बघितली, आणि त्या शहाण्या बाईनं पुढे काही विचारलं नाही. या गडबडीत फुलाबाई जागी झाली.

"काय झालं गं? पास झाला का आमचा?"

सगळं सभागृह हसलं. पास झाला होता.

बाहेर व्हरांड्यात समोसे आणि चहा होता. लोक हात मिळवत होते, "डॉक्टर" म्हणून हाक मारत होते, आणि सरांचं लक्ष कुठेच नव्हतं. लेक खांबाला टेकून उभी होती तिथं ते गेले.

"पाण्यासारखं मोजलं गं मी तुला," ते म्हणाले.

"माहीत होतं मला," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही नळाकडे बघता ना अप्पा, तसं माझ्याकडे बघायचात. आता येईल, मग येईल."

त्यांनी आपल्या बशीतला समोसा तिच्या बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी बापलेक अकलूजला गेले, प्रवेश झाला. पुढच्या आठवड्यात गादी, बादली, गोळ्यांचा डबा असा सगळा संसार घेऊन सर तिला हॉस्टेलला पोचवायला गेले. रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, ट्रॅक्टर, कारखान्याची चिमणी. खोलीत श्रावणी नावाची मुलगी आधीच येऊन बसली होती, करमाळ्याकडची, केमची. सर दाराबाहेर उभे होते. पोरीची गोष्ट हिला कशी सांगावी याची त्यांनी येताना मनात उजळणी केली होती. आधी तिच्या आईवडिलांशी बोलावं का, का रेक्टरबाईंना मध्ये घालावं?

प्रियदर्शनीनं बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "हे बघ, मला फिट यायच्या. आता गोळ्या चालू आहेत, खूप दिवसांत आली नाही. पण आली तर मला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, आणि कुणाला कांदा-चप्पल आणू देऊ नको. लांबली तर लगेच रेक्टरना बोलव. एवढंच."

श्रावणीनं नीट ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "मी झोपेत लई बडबडते. भांडते पण. तू घाबरू नको."

झालं. ज्या गोष्टीनं एका घराची दीड वर्षाची झोप उडवली होती, ती दोन पोरींनी चार वाक्यांत मिटवून टाकली आणि खिडकीकडचा पलंग कुणाचा यावर त्यांचा वाद सुरू झाला. सर दाराशी उभं राहून ऐकत होते. आपली इथं गरज नाही हे त्यांना कळलं. तसं कळलं की बापाला वाईट वाटतं म्हणतात. सरांना बरं वाटलं. फार बरं वाटलं.

परतीची एसटी अक्कलकोटला जाणारी होती, सोलापूरवरून. दुपारची वेळ, खिडकीतून गरम वारा येत होता. शेजारी मांडीवर गाठोडं घेतलेली सुंदरम्मा नावाची एक म्हातारी होती. सरांनी तिकीट काढलं, ते खिशात ठेवलं, आणि वेळापूर यायच्या आधी त्यांचे डोळे मिटले.

जाग आली ती कंडक्टरच्या हाकेनं.

"ओ सर! कुटं उतरायचं तुमाला?"

"सोलापूर."

"सोलापूर मागं ऱ्हायलं की! ही कुंभारी आली. दोनदा वरडलो मी सोलापूर, सोलापूर म्हनून. तुमी काय जागचं हललाच न्हाई."

सर दचकून सरळ झाले. त्यांची मान सुंदरम्माच्या गाठोड्यावर होती, आणि म्हातारी ते गाठोडं दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"निम्म्या वाटेपासनं हितंच मान टाकलीया," ती कंडक्टरला म्हणाली. "मला बी उठवावं वाटलं न्हाई बघा. लई थकल्यालं दिसलं लेकरू."

पन्नाशीचं लेकरू ओशाळं होऊन कुंभारीला उतरलं. खिशातून फोन काढला तर त्यावर लेकीचे फोन, बायकोचे फोन, परत लेकीचे. सरांनी लेकीला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"अप्पा! कुठं होतात? किती फोन केले! आईला केला, तिलाही माहीत नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता इथं!"

"झोप लागली गं."

"झोप?" ती म्हणाली. "दिवसा? तुम्हाला?"

"सोलापूर निघून गेलं तरी कळलं नाही. कुंभारीला उतरलोय."

पलीकडे ती हसायला लागली, हसता हसता तिचा आवाज ओला झाला, आणि सरांनाही रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या हसू फुटलं. पानटपरीवरचा माणूस वळून बघायला लागला.

"आता परत बसमध्ये बसलात की झोपू नका," ती म्हणाली. "आणि घरी पोचल्यावर मला फोन करा. नक्की. मी वाट बघतेय."

"करतो," सर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, दोन भाकऱ्या खाल्ल्या, बाहेरच्या खोलीतल्या चटईवर जरा पाठ टेकली आणि फोन करायचा राहून गेला. शेवटी तिचाच फोन आला. सावित्रम्मानं घेतला.

"पोचले की, केव्हाच पोचले. झोपलेत. घोरायला लागलेत बघ, ऐकू येतंय का? उठवू?"

"नको," प्रियदर्शनी म्हणाली. "झोपू दे त्यांना. मी ठीक आहे."